आलू-वांग्याची पंगत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



घरात चार माणसांसाठी स्वयंपाक करणं वेगळं आणि चारशे माणसांसाठी करणं वेगळं. चार माणसांना काय आवडतं ते विचारता येतं, चारशेंना विचारता येत नाही. तिथे असा पदार्थ लागतो, की जो म्हाताऱ्या माणसाला चावता येईल, पोरांना आवडेल, उपाशी आलेल्याचं पोट भरेल आणि जेवण देणाऱ्याच्या खिशालाही परवडेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, हे काम वर्षानुवर्षं एक भाजी करत आली आहे. ती म्हणजे आलू-वांगं. आजचं बोलणं तिच्याविषयी आणि तिच्या निमित्तानं आपल्या पंगतीविषयी.

हरिनाम सप्ताहाचा काला असो, मारोतीच्या देवळातला भंडारा असो, यवतमाळच्या दुर्गोत्सवात एखाद्या मंडळाचा महाप्रसाद असो, लग्नघरचं हळदीचं जेवण असो की तेरवी असो, पानात आलू-वांगं येणार हे धरूनच चालायचं. सोबत वरण-भात, पोळी, कधी कढी आणि गोड म्हणून बुंदी. नुसतं नाव ऐकून कुणी हुरळून जाईल असा हा पदार्थ नाही. मोठ्या हॉटेलात पाहुण्याला नेलं तर आपण आलू-वांगं मागवत नाही. पण पंगत बसली, पळसाच्या पत्रावळीवर भाताचं आळं झालं आणि त्यात तो लालसर तर्रीचा रस्सा पडला, की पहिल्या घासालाच माणूस सैलावतो. शेजारी कोण बसलं आहे, त्याच्याशी आपलं धुऱ्यावरून भांडण आहे की काय, हे घटकाभर विसरायला होतं.

या भाजीत दोन पाहुणे आहेत आणि एक घरचा. वांगं हे आपल्या देशातलं, फार जुनं. आलू आणि मिरची हे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज लोकांच्या जहाजांतून ते इकडे आले. पश्चिम महाराष्ट्रानं पोर्तुगीजांचाच शब्द उचलला आणि बटाटा म्हटलं. आपण मात्र आलू म्हणतो. हा शब्द कंदांसाठी संस्कृतात आधीपासून होता. नवा कंद आला आणि जुन्या नावात जाऊन बसला. गंमत अशी, की आलू, वांगं, मिरची आणि टमाटे हे चौघंही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच कुळातले. एक भाऊ घरी राहिला, तिघं समुद्रापलीकडे वाढले आणि काही शतकांपूर्वी त्यांची गाठ आपल्या गंजात पडली.

आता ही भाजी होते कशी, ते थोडं सांगतो. आदल्या दिवशी देवळामागे नाहीतर लग्नघराच्या वावरात लांबट चर खणून चुलवण तयार होतं. जाळ धरायला पऱ्हाटी आणि तुराटी, टिकवायला लाकूड. आमच्याकडे कापूस आणि तूर निघून गेली तरी त्यांच्या काड्या घराला वर्षभर पुरतात, तशाच त्या पंगतीलाही पुरतात. रात्री किंवा पहाटे बायका लसण सोलायला बसतात, गडीमाणसं कांदे चिरतात. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे ती काळी पडत नाहीत. आलू धुऊन, बहुतेक वेळा सालासकट, मोठ्या फोडी करतात. सुकं खोबरं, खसखस, शेंगदाणे भाजून वाटतात. तेल तापलं की कांदा, मग लसण-अद्रक, मग हे वाटण, तिखट, हळद, काळा मसाला. वाटणाला तेल सुटेपर्यंत आचारी कुणाचंही ऐकत नाही. मग आधी आलू, ते अर्धे शिजले की वांगी, मग आधणाचं पाणी आणि उतरवताना मूठ-मूठ सांबार. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

या कृतीत एक शहाणपण दडलेलं आहे. वांगं शिजून विरघळतं, तेल-मसाला पिऊन घेतं आणि रश्शाला अंग देतं. आलू मात्र आपला आकार धरून बसतो. म्हणजे भाजी पातळ असली तरी पानात काहीतरी आल्यासारखं वाटतं. आणि खरी परीक्षा तर पुढेच असते. तीनशे माणसांचा अंदाज धरला आणि चारशे आली, तर काय करायचं? पनीरची भाजी अशा वेळी वाढत नाही. जिलेबी वाढत नाही. आलू-वांगं वाढतं. आचारी गंजाच्या कडेला चार-सहा आलू झाऱ्यानं दाबून फोडतो आणि उकळतं पाणी ओततो. आलूतलं पीठ त्या पाण्यात फुगून रस्सा पुन्हा दाट होतो. मीठ-तिखट सारखं केलं, की शेवटच्या पंगतीला कळतही नाही की आपण हिशेबाबाहेरचे होतो. गावजेवणाच्या पदार्थात हा गुण मला फार मोठा वाटतो. उशिरा आलेल्या माणसाला त्याच्या उशिराची जाणीव होऊ न देणं, याला साधी गोष्ट म्हणता येणार नाही.

आलू-वांग्याच्याही आधीचा आपला सामुदायिक पदार्थ म्हणजे रोडगा. एकनाथ महाराजांच्या प्रसिद्ध भारुडातली सासुरवाशीण भवानी आईला रोडगाच कबूल करते. म्हणजे सोळाव्या शतकातही नवसाला रोडगा चालत होता. आपल्याकडे आजही मारोतीला किंवा महादेवाला रोडग्याचा नवस बोलतात. हिवाळ्यात, हंगाम हाताशी आला की वावरात, झाडाखाली हे जेवण होतं. गव्हाची जाडसर कणीक घट्ट भिजवायची, लहान लहान पोळ्यांना तेल लावून त्या एकावर एक ठेवायच्या, बाहेरून आणखी एका पोळीत गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेखाली भाजायचा. भाजला की कापडानं झटकायचा, हातानं फोडायचा, तूप घालायचं आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. घरच्या चुलीपुढे न बसणारी पुरुषमंडळी इथे मात्र कणीक तिंबतात आणि निखारे सारतात. घरात ज्यांचा स्वयंपाकाशी संबंध नाही, त्यांचेही हात या जेवणाला लागतात. म्हणूनच ते नुसतं देवाचं देणं न राहता सगळ्यांचं जेवण होतं.

अशा जेवणाची गरज काही आपल्यालाच आहे असं नाही. अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे. तिथे मॉर्मन पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्याकडे आलूचा एक पदार्थ करतात. आलूचा कीस किंवा फोडी, त्यात चीज, आंबट साय, डब्यातलं घट्ट सूप, वरून कुस्करलेल्या मक्याच्या पोह्यांचा आणि लोण्याचा थर आणि सगळं पसरट भांड्यात घालून भट्टीत भाजायचं. या पदार्थाचं नाव ऐकाल तर दचकाल. त्याला म्हणतात ‘फ्यूनरल पोटॅटोज’, म्हणजे चक्क मयतीचे आलू! अंत्यविधीनंतर जमलेल्या लोकांसाठी पंथातल्या बायका आपापल्या घरून हे भांडं घेऊन येतात. या बायकांची रिलीफ सोसायटी ही संस्था १८४२ सालापासूनची आहे. अडचणीच्या घरी जेवण पोचवणं हे तिचं नेहमीचं काम. या आलूंचा तिकडे इतका लौकिक, की २००२ साली सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा आठवण म्हणून विकल्या गेलेल्या बिल्ल्यांमध्ये या पदार्थाचाही एक बिल्ला होता.

आता पाहा, सात समुद्रांपलीकडे चीज घातलेला आलू आणि इकडे वांग्याबरोबरचा आलू. चवीत काही साम्य नाही. पण कारण एकच. दोन्ही पदार्थ घरात असलेल्या वस्तूंतून होतात. मॉर्मन लोक घरात काही महिन्यांचा शिधा साठवून ठेवतात. त्यामुळे ऐन वेळी बाजारात धावावं लागत नाही. दोन्ही मऊ आहेत, गरम आहेत. रडून घसा सुकलेल्या माणसाच्याही गळ्याखाली उतरतील असे आहेत. आणि दोन्ही एका भांड्यातून खूप जणांना पुरतात. दुःखात माणसाला नवं काही चाखायचं नसतं. ओळखीचा घास हवा असतो.

मात्र त्या आलूंची एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते भांडं दुःखी घराकडे येतं. दुःखी घरातून ते निघत नाही.

आपल्याकडे ही रीत नाही असं मी म्हणणार नाही. ती आहे आणि फार सुंदर आहे. ज्या घरी मयत झाली, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारची, भावकीतली माणसं पिठलं-भाकर करून आणतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. कुणी निमंत्रण देत नाही, कुणी हिशेब ठेवत नाही. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या वर्षांत अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. पंगती बंद होत्या. तरी कितीतरी घरांच्या उंबऱ्यावर डबा ठेवून लोक मागे सरकत होते. लांबून हात जोडत होते. सगळे विधी थांबले, पण कडू घास थांबला नाही. कारण तो विधी कमी आणि माणुसकी जास्त होती.

पण पहिल्या दिवशी घराकडे आलेला हा घास तेराव्या दिवशी उलटा फिरतो. तेरवीला दुःखी घरानं गाव जेवू घालायचं. जुन्या काळी त्याचंही ओझं मर्यादित होतं. शिधा अर्धा भावकीतून यायचा, पत्रावळी गावातल्या पळसाच्या, लाकूड वावरातलं, आचारी गावचाच, वाढायला तरुण पोरं. भाजी ठरलेली, आलू-वांगं. त्यामुळे मालगुजाराची तेरवी आणि मजुराची तेरवी यांत पंगती कमी-जास्त असायच्या, पानातला पदार्थ फारसा बदलायचा नाही. गरिबाला झाकायला जागा होती.

ती जागा आता उरलेली नाही. मंडप, खुर्च्या, टेबलं, दोन भाज्या, त्यातली एक पनीरची, पापड, सॅलड, गोडाचे दोन प्रकार. लग्नाचं तर विचारूच नका. जेवणाचे स्टॉल किती होते यावरून लग्नाची चर्चा होते. एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं करायचं. दुसऱ्यानं केलं म्हणून तिसऱ्यानं कर्ज काढून करायचं. बँक पीककर्ज देते ते बी-बियाणासाठी. तेरवीचा किंवा जेवणावळीचा खर्च त्यात सहसा भागत नाही. त्यासाठी पुष्कळदा सावकाराचंच दार असतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्या सहांत आपला यवतमाळ होता. शेतकऱ्याच्या कर्जाची कारणं मोठी आहेत. कापसाचा भाव, पाऊस, सिंचन, बियाणं. कुणी असं म्हणू नये की जेवणावळींमुळे शेतकरी बुडाला. तसं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय होईल. पण आधीच वाकलेल्या पाठीवर आपण गावकरी मिळून आणखी एक पोतं ठेवतो, एवढं तरी कबूल करायला हवं.

ही गोष्ट आपल्याच मुलखातल्या एका माणसानं फार आधी ओळखली होती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळपट्टी करू नका, हे ते गावोगावच्या कीर्तनांतून आयुष्यभर सांगत राहिले. त्यांनी ते घरापासून सुरू केलं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण देण्याची जातीची चाल होती. ती मोडून त्यांनी गोडाचं साधं जेवण दिलं. लोक रागावले, पण ते बधले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निर्वाण झालं. त्यांच्या पुण्यतिथीला गावोगाव आजही भंडारे होतात आणि त्या भंडाऱ्यांत आलू-वांगंच असतं. त्या दिवशी निदान पानाबरोबर त्यांचं सांगणंही आठवावं.

जुन्या पंगतीचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. ती पंगत सगळ्यांची नव्हती. जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसत. काही माणसांना तर बसण्याची परवानगीच नव्हती. सगळ्यांची जेवणं आटोपेपर्यंत त्यांनी लांब उभं राहायचं. भाजी तीच असली तरी असा वाट पाहून मिळालेला घास माणसाला दिलासा देत नाही, डागण्या देतो. ही चाल मोडायला ज्यांनी प्रयत्न केले त्यांनी कुठलं अन्न निवडलं, ते पाहण्यासारखं आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी मुंबईकडे झुणका-भाकर सहभोजनं सुरू केली. सत्यनारायणाच्या पूजेचा मान ते अस्पृश्य मानलेल्या जोडप्याला देत आणि मग सगळ्यांनी एकत्र बसून झुणका-भाकर खायची. पक्वान्न नाही, झुणका-भाकर. कारण एकत्र बसायचं तर अन्न असं हवं, की त्याचा खर्च कुणालाही झेपावा आणि ते कुणालाही परकं वाटू नये. आपलं आलू-वांगं याच जातकुळीचं आहे.

केटरिंगवाल्यांनी सगळं बिघडवलं, असंही मी म्हणणार नाही. तो धंदा करून कितीतरी तरुण पोरांनी घरं उभी केली आहेत. आणि घरच्या बायकांना विचारा. चारशे माणसांच्या जेवणासाठी रात्रभर लसण सोलणं आणि मागाहून गंज घासत बसणं यातून त्यांची सुटका झाली आहे. ती त्यांनी का सोडावी? जुनी पंगत परत आणायची म्हणजे बायकांना पुन्हा चुलवणाच्या धुरात बसवायचं, असा अर्थ असेल तर ती पंगत न आलेलीच बरी. पण आचारी भाड्यानं आणला तरी भाजी कुठली ते आपणच ठरवतो ना? आणि रोडग्याच्या जेवणात पुरुष कणीक तिंबू शकतात, तर तेरवीच्या दिवशी कांदे चिरायला आणि भांडी घासायला त्यांना कोण अडवतं?

एकत्र जेवण्याचं मोल कळायला कधीकधी एकत्र उपाशी राहावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात चिलगव्हाण हे गाव आहे. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या घटनेच्या स्मरणार्थ २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. शेतकऱ्यांची मुलं, शिक्षक, नोकरदार, शहरात गेलेले आणि गावात राहिलेले. पंगतीत बसून आपण सांगतो, की तुझ्या सुखदुःखात मी आहे. अन्न सोडून बसणारे हे लोकही तेच सांगत असतात. फरक इतकाच, की पंगतीचं सांगणं त्या माणसाच्या जिवंतपणी त्याच्या कानावर जातं. म्हणून ते वेळेवर सांगायला हवं.

मग करायचं काय? मोठी चळवळ नको, ठराव नकोत. माझ्या मनात तीन साध्या गोष्टी आहेत. एक, तेरवीच्या जेवणात गावानं मिळून एकच पान ठरवावं. आलू-वांगं, वरण-भात, पोळी आणि वाटलं तर बुंदी. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं सगळ्यात आधी हे पाळावं, कारण गरिबानं साधं जेवण दिलं तर ती त्याची गरज समजली जाते. श्रीमंतानं दिलं तर रीत पडते. दोन, कडू घास पहिल्या दिवशी थांबू नये. ज्या घरचा कर्ता माणूस गेला, त्या घरी तेराव्या दिवसाचा शिधाही भावकीनं आणि शेजाऱ्यांनी वाटून घ्यावा. कुणी आलू, कुणी तांदूळ, कुणी तेलाचा डबा. ही आपलीच विसरत चाललेली चाल आहे. तीन, जेवून उठताना किती पदार्थ होते ते मोजण्याची आपली सवय आपणच सोडावी. यजमान पाहुण्यांच्या तोंडाला भिऊन कर्ज काढतो आणि ते तोंड आपलंच असतं.

येत्या हिवाळ्यात गावोगाव सप्ताह बसतील, वावरांत रोडगे भाजले जातील, कळंबच्या चिंतामणीची आणि वणीच्या रंगनाथस्वामींची यात्रा भरेल. तुम्हाला कुठेतरी पंगतीचं बोलावणं येईल. जरूर जा. जमलं तर तासभर आधी जा. तिथे कांद्याचं पोतं फोडलेलं असेल आणि विळ्या मांडलेल्या असतील. एक विळी ओढून घ्या.